कोरा शिक्का

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि या गोष्टीचा शेवट माझ्या डोळ्यांदेखत झालाय. रविवारी, भर दुपारी, आमच्याच स्वयंपाकघरात. तेव्हा "भास झाला असेल" वगैरे मला सांगायला येऊ नका.

मावशी आमच्याकडेच राहते. ती आणि आई एकाच बॅगांच्या कारखान्यात कामाला. आई शिलाईवर, मावशी कटिंगला. मावशीला तेव्हा नवाच नाद लागला होता, लेटरबॉक्सिंगचा. म्हणजे कुणीतरी बाहेर एक डबा लपवतं. आत रबरी शिक्का आणि वही. आपण खुणांवरून तो शोधायचा, त्यांचा शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला त्यांच्या वहीत. आपला शिक्का मात्र आपल्या हाताने कोरायचा.

मावशीने मोठे खोडरबर आणले, कोरायचं पातं आणलं. आणि घाईघाईत पहिल्याच शिक्क्यावरच्या चिमणीची मान कापून टाकली.

"अगं, आधी शीक तरी," आई म्हणाली. "मग हिंड डबे शोधत."

"तू गप्प बस गं. शिक्का नसला तर अंगठा चालतो."

चालतो, हे खरंय. नवखे लोक तसंच करतात.

बंद पडलेल्या पंपघराच्या भिंतीत, सैल विटेमागे तिला डबा मिळाला. आतल्या शिक्क्यावर काहीच कोरलेलं नव्हतं. आपल्या वहीत दाबला, तर नुसता गुळगुळीत, लांबट गोल उमटला.

"कोरायलाच विसरला वाटतं येडा!" मावशी एकटीच हसली. मग उजवा अंगठा शाईत बुडवून तिने त्यांच्या वहीत दाबला.

कागद... कोमट होता.

उन्हाने तापला असेल, असं तिला वाटलं. पण विटेमागे ऊन येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात हजेरीचं मशीन तिचा अंगठा घेईना. पुसला, फुंकला, परत लावला. छे! मागे रांग खोळंबली.

"भांडी घासून झिजला असेल," कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

वॉचमन हसला नाही. "ताई, तुमची हजेरी लागलीय की. मी कुलूप काढायच्या आधीच."

मावशीने अंगठा उजेडात धरला.

एकही रेष नव्हती... कटिंग करताना पडलेला तिरका व्रणसुद्धा नव्हता.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. गोदामातल्या मांजरीची मान कुणीतरी फडक्यासारखी पिळून टाकली होती. शेजारच्या खोक्यावर रक्ताचा अंगठा उठला होता.

त्यावर तिरका व्रण होता.

मावशी तशीच पंपघराकडे धावली. वीट दिसली. बोटं सोलून निघेपर्यंत ओढली, पण ती हलेना. सैल वीट आता पक्की बसली होती... जणू तिथे कधी डबा नव्हताच.

दोन-तीन दिवसांनी आई सकाळी मान चोळत उठली. गळ्यावर काळानिळा डाग होता, आणि डागात तिरकी रेघ. मावशीने ती लगेच ओळखली. पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं तिने आईला. तेव्हापासून ती आईला क्षणभरही सोडेना.

मग तो रविवार उजाडला. मी ताटं मांडत होते. आई काहीतरी सांगत होती...

मधेच तिचा आवाज बंद झाला.

तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. समोर कुणी नव्हतं! पण गळ्याची कातडी आत-आत दबत होती. डोळे बाहेर आले, ओठातून रक्ताचा फेस आला. मी तिचे पाय धरून ओढले. मावशीने पातेलं उचलून हवेत दणादण हाणलं. कशालाच लागेना. आई तडफडत होती.

मावशीने पातेलं फेकलं आणि कोरायचं पातं उचललं.

"माझा आहे तो! माझा अंगठा आहे, मेल्या!"

तिने उजवा अंगठा ओट्यावर टेकवला आणि डाव्या हाताने सगळा जोर लावला. अंगठा सांध्यापासून सुटला. फरशीवर रक्ताचा सडा पडला.

कुणीतरी गुरासारखं ओरडलं... मावशी नाही, आई नाही, मी नाही.

आईच्या गळ्यापाशी, रिकाम्या हवेतून, रक्त ठिबकलं. आणि आई धाडकन खाली पडली.

वाचली. आवाज मात्र घोगरा झाला तो झालाच. मावशीला अंगठा नाही, पण त्याचं तिला कवडीचंही दुःख नाही. "माझी बहीण वाचली, बास," म्हणते.

 पण आईच्या जखमा मीच पुसते. गळ्याच्या एका बाजूचा, तिरक्या रेघेचा डाग आठवड्यातच गेला. दुसऱ्या बाजूला एक आहे. मोठा, रुंद, वेगळ्याच रेषांचा. मावशीने तर वहीत एकच अंगठा उमटवला होता.

तिच्या आधी कोण गेलं होतं तिथे?

कोण का असेना, त्याने आपला अंगठा अजून कापलेला नाही. आईचा तो डाग रोज सकाळी ताजा असतो... आणि कालपासून तो थोडा आत दबायला लागलाय.