रिकाम्या सीटचं वजन

नाही रे बाबा. तुझ्या नव्या गाडीला मी कव्हरं शिवून देणार नाही. पुतण्या आहेस म्हणून फुकट मागतोस ते ठीक, पण तरीही नाही. उद्या उजेडात पुढच्या सीटच्या कडेला, दाराच्या बाजूला हात फिरवून बघ. त्या शिवणीच्या आत एअरबॅग घडी घालून बसवलेली असते. कोणी बाजूने ठोकलं की शिवण फाडून बाहेर येते. वरून मी जाड कव्हर ताणून बसवलं तर बिचारी येणार कुठून? हे झालं एक कारण. दुसरं म्हणजे, मी आता पुढच्या सीटला हातच लावत नाही. ते का, ते रात्रीचं सांगू नका म्हणते तुमची काकू. पण ती झोपली आता. धाकटे, ते दार ओढून घे जरा.

माझ्या दुकानाशेजारच्या गाळ्यात एक वायरमन आहे. गाड्यांची लाईटची कामं करतो. सगळे त्याला करंट म्हणतात, कारण साधा प्रश्न विचारला तरी झटका बसतो. मुलगी समोर आली की मात्र याचाच फ्यूज उडतो. टिकली म्हणतात तिला. तेव्हा सात वर्षांची होती, एवढीशी. उशिरा झालेलं एकुलतं एक लेकरू, त्यामुळे तळहातावरच्या फोडासारखं जपतो तिला.

तर तो शनिवार होता, फेब्रुवारीतला दुसरा. अमावस्या वगैरे काही नव्हती, उगाच कशाला खोटं सांगू? संध्याकाळी शाळेतल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. पांढरी गाडी, कोणाकडून तरी जुनी घेतलेली. समोर स्पीडच्या काट्याशेजारी एक दिवा सारखा लागत होता. बाजूची एअरबॅग बंद आहे, असं सांगणारा दिवा.

"रात्रीच लागतो हो," बाई म्हणाल्या. "दिवसा नाही लागत."

"बाई, वायरला घड्याळ कळत नाही," करंट म्हणाला. बाईंना झटका बसला आणि त्या गाडी ठेवून गेल्या.

मग त्याने मला समजावून सांगितलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली वजन मोजणारे सेन्सर असतात. पाठीतही असतात, बसलेला माणूस किती उंच आहे, कुठे कलला आहे ते बघायला. लहान मूल बसलंय आणि त्याचं डोकं दाराकडे कललंय असं गाडीला कळलं, की ती त्या बाजूची एअरबॅग आपणहून बंद ठेवते. कारण ती उघडते ती दणक्यात. तिच्या वाटेत पोराचं डोकं असलं तर वाचवायला आलेलीच घात करायची. मूल सरळ बसलं की दिवा विझतो.

"म्हणजे या गाडीला वाटतंय, शेजारी कोणीतरी लहान मूल पेंगतंय?" मी विचारलं.

"वाटू दे. सीट रिकामी आहे ना? मग सेन्सर खोटारडा."

आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी सगळ्या वायरी बदलून ठेवल्या होत्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत त्या गाडीत डोकं घालून बसलो. शेवटी करंटने त्याचं मशीन जोडलं. हातात मावेल एवढी पाटी आणि तिला एक वायर. पाटीवर आकडा आला. एकोणीस किलो.

सीटवर काही नव्हतं. टॉर्च मीच धरला होता. पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. मी सीटवर हात ठेवला तर गार लागली... थंडीच आहे, म्हटलं, लागणारच.

करंटने काय केलं? कोणीही केलं असतं तेच. किराणावाला कसा काट्यावर रिकामा डबा ठेवतो, बटण दाबून झिरो करतो, आणि मग डब्याचं वजन धरतच नाही; डबा उचलला तर काटा उलटा मायनसमध्ये जातो. तसा झिरो या सीटलाही मारता येतो. मशीन आधी विचारतं, सीट रिकामी आहे याची खात्री केली का? करंटने 'हो' दाबलं. आकडा झिरो झाला. दिवा विझला. "मिटला विषय," म्हणाला, आणि चालवून बघायची म्हणून तीच गाडी घेऊन घरी निघाला. मशीन जोडलेलंच ठेवलं, समोर टेकवून. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, त्याच रात्री.

त्याचं घर गावाबाहेर, कालव्याच्या रस्त्याला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. रस्त्याला दिवे नाहीत. गाडी छान चालली होती. पाटीवर झिरो. निघताना बायकोला फोन केला होता, गिऱ्हाइकाची पांढरी गाडी घेऊन येतोय म्हणून. स्वारी खुशीत गुणगुणत होती.

वळणावर कुत्रं आडवं आलं.

करकचून ब्रेक मारला त्याने. आणि पोराबाळांच्या माणसाचा जातो तसा त्याचा डावा हात आपोआप शेजारच्या सीटसमोर आडवा गेला.

हाताला अंग लागलं.

लहान. हडकुळं. गार फ्रॉक... आणि त्याखाली बरगड्या.

त्याने हात मागे घेतला. शेजारी बघितलं नाही. कुत्रं कधीच निघून गेलं होतं. गाडी रस्त्यात उभी. इंजिन चालू. बाकी काही आवाज नाही...

मग? सांगतो ना. पाणी दे जरा.

मग त्याची नजर पाटीवर गेली. झिरो. आणि सगळं एकदम त्याच्या डोक्यात आलं. सेन्सर खोटारडा नव्हताच. ते एकोणीस किलोंचं लेकरू तेव्हाही सीटवर होतं. दिवसा सरळ बसायचं. रात्र झाली की पेंगायचं, डोकं दाराला टेकवायचं. गाडी बिचारी खरं सांगत होती, आणि याने बसलेल्या पोरीचाच झिरो मारला होता. त्या डब्यासारखा. आता झिरो म्हणजे रिकामी सीट नव्हे. झिरो म्हणजे... बसलेली आहे.

उतरून पळाला का नाही म्हणतेस? पळून जाणार कुठे, धाकटे? पुढच्याच वळणावर त्याचं घर. टिकली जागी असणार, बापाशिवाय झोपायची नाही ती. हा धावत घरी गेला आणि ते मागोमाग आलं तर? रस्ता इतका अरुंद, की गाडी वळवायला जागा घराच्या पुढेच. त्याने ठरवलं, घराशी थांबायचंच नाही. तसंच पुढे जायचं. लांब न्यायचं हिला. पाचावर धारण बसली होती त्याची, पण बाप होता ना.

निघाला. हळूहळू. मान ताठ. समोर बघत.

झिरो.

घराचा दिवा दिसला. झिरो.

फाटकात बायको उभी होती. कडेवर टिकली. बायकोने हात केला. हा थांबला नाही. "अहो!" म्हणालेली बंद काचेतून ऐकू आली. टिकली हसत होती. हात हलवत होती. बापाकडे बघून नाही...

शेजारच्या सीटकडे बघून.

घर मागे पडलं. फाटक मागे पडलं. त्याने पाटीकडे बघितलं.

मायनस एकोणीस.

गाडी थांबली नव्हती. दार उघडलं नव्हतं. काचा वर. आणि सीट आता खरोखर रिकामी होती.

उतरली होती ती.

त्याने गाडी तिथेच टाकली. धावत आला. फाटकात बायको एकटी.

"थांबला का नाहीत हो?"

"टिकली?"

"आत्ता उतरली की कडेवरून. आत गेली पळत. तुम्हाला झालंय काय?"

आत टिकली पलंगावर होती. झोपलेली. एवढ्यात? भिंतीला अगदी चिकटून झोपली होती, अर्धा पलंग मोकळा सोडून. पांघरूणही अर्धंच घेतलेलं. त्या मोकळ्या जागेवर ठेवायला त्याने हात पुढे केला...

ठेवला नाही.

त्यानंतर मला फोन आला. मी गेलो तेव्हा पायरीवर बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून. त्याचं सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, ऊठ, बायको-पोरीला घेऊन माझ्याकडे चल. तो म्हणाला, "दादा, टिकलीला नेलं तर ती गाडीतली इथे मागे राहील का?" मीही त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

बाईंना त्याने दुसरी सीट बसवून दिली, नवे सेन्सर टाकून. दिवा पुन्हा लागला नाही, बाई अजून त्याचं नाव काढतात. काढलेली सीट माझ्या दुकानात आहे, मागच्या कोपऱ्यात. करंटने तिला बॅटरी जोडून ठेवली आहे. रोज सकाळी टिकलीला शाळेत सोडतो आणि थेट माझ्याकडे येतो. मशीन लावतो, पाटीकडे बघत उभा राहतो. मी एकदा म्हटलं, अरे, जाळून टाकू ती सीट. माझ्या अंगावर धावून आला. "मग ती परत येऊन बसली तर मला कळणार कसं?"

तीन वर्षं झाली. टिकली आता दहाची आहे, शाळेत हुशार आहे, सगळं व्यवस्थित आहे. झोपते मात्र भिंतीला चिकटून. का म्हणून विचारलं तर नुसती हसते.

आज सकाळीही आला होता करंट. देवासमोर जोडावेत तसे हात जोडले त्याने त्या सीटसमोर, आणि मशीन लावलं. मी शेजारीच होतो.

अजून मायनस एकोणीस.