व्रताला एका दिवसाची सुट्टी

मी मासा होऊन बसले होते, नेमकं तेव्हाच त्याने माझ्याकडे बघून हसावं?

साधासुधा मासा नव्हे, सॅमन! कोळ्यांच्या सोसायटीचा चित्ररथ म्हणजे मॅलकीमामाच्या ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली, आणि तिच्यावर चंदेरी कागदाचे खवले लावून, शेपटीत पाय कोंबून बसलेली मी. पावसाची भुरभुर चालूच होती, खवले एकेक करून गळत होते. सेंट पॅट्रिकच्या सणाच्या मिरवणुकीला आमच्या गावात ऊन पडलेलं कुणी पाहिलेलं नाही.

आणि खाटकाच्या दुकानासमोर टाव्ही उभा!

टाव्ही, एस्टोनियाहून लाकडी होडी बांधायला आलेला. हिवाळाभर रोज सकाळी आमच्या दुकानात पाव घ्यायला येणारा, आणि पाव काखेत मारून तासभर माझ्याशी बोलत उभा राहणारा. मग एका बुधवारपासून… एकदम गायब! मी रस्त्यात दिसले की हा पलीकडच्या बाजूला. एकदा तर मला बघून चक्क चर्चच्या मागे लपला. मी आधी रडले, मग चिडले. होडी पाण्यात उतरली की तो गाव सोडून जाणार होता. जाऊ दे, माझं काय जातं, असं मी स्वतःला रोज सांगत होते आणि रोज दुकानाच्या दाराकडे बघत होते.

आणि आज हा माणूस कोटाला शॅमरॉकच्या तिपानी पाल्याची हिरवी जुडी टोचून, ओल्या केसांनी, मला हात करत होता! मी शेपटीसकट त्याच्याकडे पाठ फिरवली.

आमचा रस्ता एवढासा, की मिरवणूक दोनदा फिरवावी लागते. दुसऱ्या फेरीत पुढचे बँडवाले दारूच्या गुत्त्यासमोर रेंगाळले, ट्रॅक्टर थांबला, आणि तो धावतच आला.

"डर्व्हला!"

"माशांना बोलता येत नाही."

"मग ऐक तरी. माझ्याकडे आजचाच दिवस आहे."

"का? उद्या… उद्या जातोयस?" माझा आवाज नको तितका चिरकला.

"नाही गं. उद्यापासून पुन्हा व्रत."

"कसलं व्रत?"

"लेंटचं!" आता तोच गोंधळला. "तुमच्याच घरी तर शिकलो. तुझी आई पॅनकेक वाढताना म्हणाली, उद्यापासून ईस्टरपर्यंत ज्याने त्याने आपली सगळ्यात आवडती गोष्ट सोडायची. तू चॉकलेट सोडलंस. मामांनी बिअर सोडली."

"बरं, मग?"

"मग मीही सोडली. तुमच्या गावात राहायचं, तुमच्या ताटात जेवायचं, आणि तुमच्या रीती तेवढ्या पाळायच्या नाहीत… बरं दिसतं का ते?"

"काय सोडलंस तू?"

त्याने वर पाहिलं. पापण्यांवर पावसाचे थेंब थांबले होते.

"तुला."

बँड जोरात वाजत होता म्हणे. मला काहीही ऐकू येत नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला एकाची दोन ऐकवणारी मी, तोंड उघडं टाकून बसले होते, अगदी खऱ्या सॅमनसारखी.

"काल मामा म्हणाले, पॅट्रिकच्या दिवशी सगळ्यांना व्रतातून सुट्टी," तो हळूच म्हणाला. "म्हणून सकाळपासून इथे उभा आहे."

"अरे गाढवा! लोक साखर सोडतात, सिगारेट सोडतात! माणसं नाही सोडत कुणी!"

"आई म्हणाली, सगळ्यात आवडती…"

"ए पोरा," मॅलकीमामा ट्रॅक्टरवरून ओरडला, "म्हणजे तू रविवारीसुद्धा तिला भेटला नाहीस?"

"रविवारी?"

"रविवार व्रतात धरत नाहीत! मी एकही रविवार कोरडा घालवला नाही."

टाव्हीचा चेहरा पांढराफटक पडला. "रविवार… धरत नाहीत?" तो पुटपुटला. "मला कुणी सांगितलंच नाही!"

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. "आणि ईस्टरच्या आत होडी झाली असती तर? न बोलताच निघून गेला असतास?"

"होडी कधीच झाली," तो खाली बघत म्हणाला. "तिसऱ्यांदा रंग देतोय."

बँड पुढे सरकला. ट्रॅक्टरने धक्का दिला, ट्रॉली निघाली. तो बाजूने चालू लागला, मग पळू लागला.

"टाव्ही, मी आईला फसवलं," मी ओरडले. "चॉकलेट माझी सगळ्यात आवडती गोष्ट नाहीच!"

"मग कुठली?"

"ती सोडायची माझी हिंमत झाली नाही!"

मी हाताला अडकवलेला माशाचा पर बाजूला फेकला, हात पुढे केला आणि त्याला कोटाला धरून वर ओढलं. शॅमरॉक चुरगळला, उरलेसुरले खवले त्याच्या अंगाला चिकटले. दुकानाच्या दारात आईच्या हातातली छत्री गळून पडली. पाद्रीबाबांनी टाळ्या वाजवता वाजवता हात तसेच हवेत ठेवले.

"डर्व्हला… उद्या?" त्याने माझ्या कानाशी विचारलं.

"उद्यापासून तू माझ्याऐवजी रंग सोड," मी म्हणाले, आणि त्याचा हात घट्ट धरून ठेवला.