चैत्रगौरीची एकोणीस घरं

"रजनी, त्या कागदावर आपलं घर लिहिलंस, तर पुन्हा मला आई म्हणू नकोस!"

मनोरमाबाईंचा आवाज चिरकला आणि त्यापाठोपाठ खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी पदरात दाबून धरली, पण दाबल्याने ती लपली नाही. जेवणाच्या टेबलावर सर्व्हेचा कागद पसरला होता आणि रजनीचं पेन शेवटच्या रिकाम्या ओळीवर थबकलं होतं... सव्वीस वर्षांच्या संसारात सासू तिला इतकं तोडून कधीच बोलली नव्हती!

"नुसती शंकाच आहे ना तुला?" श्रीकांतने, तिच्या नवऱ्याने, दोघींच्या मध्ये येत विचारलं. "मग दोन दिवस थांब. आईला बरं वाटलं की विषय संपला."

"आणि नाही वाटलं तर?"

रजनीने ओळ भरली. क्वार्टर क्रमांक, नाव, वय एकाहत्तर, लक्षणं... अक्षर जराही हललं नाही. हललं ते आतलं काहीतरी, आणि त्याची नोंद करायला त्या कागदावर रकाना नव्हता.

तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता. हिंदी मुलखातल्या गोविंदपुऱ्याजवळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये रोज सकाळी नगर निगमची कचरागाडी यायची, स्वच्छतेचं गाणं मध्येच थांबवायची आणि भोंग्यावरून त्या दिवशी बंद झालेल्या ब्लॉकचे नंबर वाचून दाखवायची. रजनी टाउनशिपच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा बंद झाल्यामुळे शिक्षकांना घरोघरच्या सर्व्हेला लावलेलं होतं. हातात ऑक्सिमीटर, तापमापक आणि चार प्रश्न. ताप आहे का, खोकला आहे का, घरी कोण आलं होतं, तुम्ही कुठे गेला होतात? शेवटच्या दोन प्रश्नांना सगळ्या वसाहतीत एकच उत्तर मिळायचं. "कोई नहीं आया मैडम, हम कहीं नहीं गए." इतक्या माणसांना कोणालाही न भेटता हा आजार झाला असेल, तर विज्ञानाची पुस्तकं नव्याने लिहावी लागतील, असं रजनी कोरडेपणाने म्हणायची. मात्र लोक खोटं का बोलतात, हे तिला कळत होतं. दाराला लाल नोटीस लागली की शेजारी जिना बदलायचे.

हा वाद झाला त्याच दिवशी सकाळी, एका तापाच्या घरी, ओट्यावर पालथी घातलेली एक स्टीलची वाटी तिला दिसली. बुडावर नाव कोरलेलं होतं : सौ. मनोरमा का. बोकारे. सासरे काशिनाथराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. वाट्यांवर ते अजून होते. दुसरी तशीच वाटी पुढच्या ब्लॉकमध्ये दिसली, आणि तिसरी शारदाताईंच्या घरी, जिथे त्यांचे यजमान विलासराव अंगावर चादर ओढून पडले होते.

"कोणी आलं होतं का शारदाताई?"

"छे गं! या दिवसांत कोण येतंय?"

"मग ही वाटी?"

शारदाताई गडबडल्या. "अगं... तुझ्या सासूबाईच तर आल्या होत्या! चैत्रगौरीची डाळ घेऊन. त्यांना का मी दारातून परत पाठवू?"

रजनी जिन्यात उभी राहिली आणि सगळं तिच्यापुढे उलगडत गेलं. माणसं जमवायला बंदी, म्हणून काशिनाथरावांमागेही न मोडलेलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मनोरमाबाईंनी या वर्षी घरी केलं नव्हतं. त्याऐवजी त्या हळदीकुंकवाची करंडी आणि आंब्याच्या डाळीच्या वाट्या घेऊन स्वतःच घरोघरी फिरल्या होत्या! नियमाचं अक्षर त्यांनी काटेकोर पाळलं होतं, एका वेळी एका घरात एकच पाहुणी. एका दुपारी एका खोलीत जे घडलं असतं, ते त्यांनी दोन दिवसांत अनेक खोल्यांमध्ये घडवलं होतं. आणि ती डाळ! घरात सगळ्यांचे दात आंबले होते, तरी त्या म्हणत होत्या, "औंदा कैऱ्यांना आंबटपणाच नाही," आणि आणखी एक कैरी किसत होत्या. विज्ञानाच्या शिक्षिकेने समोर बसून चव गेल्याची ती खूण ऐकली होती आणि ती निमूटपणे पाणी प्यायली होती. तो दोष रजनीने स्वतःच्या नावावर लिहून घेतला.

दुपारी तपासणीचं पथक आलं. मनोरमाबाईंची चाचणी पॉझिटिव्ह निघाली, रजनी-श्रीकांतची निगेटिव्ह. ऑक्सिजन शहाण्णव होता, म्हणून त्यांना घरीच, पुढच्या खोलीत वेगळं ठेवायचं ठरलं. दाराला लाल नोटीस चिकटवली जात असताना त्या आतून एवढंच म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर सोसलं असतं मी..."

मग तीन दिवस त्या रजनीशी बोलल्या नाहीत. ताट दारात ठेवलं की उचलायच्या, धुऊन परत ठेवायच्या. श्रीकांतशी फोनवर बोलायच्या, तेही एका भिंतीपलीकडून. रजनी दाराशी थांबून ऑक्सिजनचा आकडा विचारायची. उत्तरादाखल फटीतून चिठ्ठी यायची. शहाण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव. त्या तीन चिठ्ठ्या रजनीने ओच्यात खोचून ठेवल्या होत्या, हे कोणाला सांगायची तिला लाज वाटली असती!

चौथ्या दिवशी सकाळी दाराआडून आवाज आला.

"किती घरं लिहिलीस तू?"

"तीन, आई." तो शब्द तोंडातून गेला आणि तिने ओठ चावला.



"तीन कशी? एकोणीस आहेत."

रजनी तशीच जमिनीवर बसली. वही मांडीवर घेतली. आणि दाराआडून जे सुरू झालं, ते ती भराभर उतरवत गेली. कुठलं घर, कितवा मजला, किती वाजता, किती वेळ, खिडकी उघडी होती की बंद, घरात कोण कोण होतं, कोणाला दमा, कोणाला साखर, कोणाची सून बाळंतीण... एकाहत्तर वर्षांची बाई काहीही न पाहता सांगत होती. दहा जणांच्या पथकाला दोन आठवड्यांत जे गवसलं नव्हतं, ते वीस मिनिटांत पानावर उतरलं. रजनीने आयुष्यभर मुलांना निरीक्षण शिकवलं होतं. खरं निरीक्षण कशाला म्हणतात, ते तिला आज दिसत होतं, आणि त्याच्या मुळाशी कुतूहल नव्हतं, निव्वळ माया होती!

"आणि मालतीकडे मी दोन तास बसले," मनोरमाबाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "एकटी असते गं ती. काल फोनवर म्हणाली, काही नाही, नुसता आळस आलाय. मालतीला आळस कधी येत नाही, रजनी!"

रजनीने सर्व्हेच्या प्रमुखांना फोन करून परवानगी घेतली, पीपीई किट चढवलं आणि मागच्या ब्लॉकचे तीन जिने चढली. मालतीबाई खुर्चीत बसून मटार सोलत होत्या.

"ये गं अंतराळवीर! चंद्रावरून आलीस की काय?"

रजनीने हसत त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. चौऱ्याऐंशी. तिने बोट पुसलं, दुसऱ्या हाताला लावला. त्र्याऐंशी! आणि समोरची बाई विनोद करत होती, शेंगा सोलत होती, धाप लागल्याचं नावही नव्हतं. शरीर आतून बुडत असताना स्वतःलाच पत्ता लागू देत नाही, हे रजनीने वाचलं होतं. डोळ्यांनी पाहताच तिने उभ्याउभ्याच ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. आणखी एक दिवस, आणि या खुर्चीत...

ॲम्ब्युलन्स पाऊण तासाने आली. कारखान्याच्या स्वतःच्या प्लांटमध्ये भरलेला ऑक्सिजन त्या संध्याकाळी मालतीबाईंच्या नाकाशी पोचला.

रजनी परतली तेव्हा पुढच्या खोलीतून मनोरमाबाईंचा आवाज येत होता. टाउनशिपच्या मराठी बायकांमध्ये ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, त्या मनोरमाबाई एकेक नंबर लावत होत्या.

"मी बोकारेकाकू. मी आजारी होते गं, आणि तुझ्याकडे आले होते. माझी चूक झाली. आजच्या आज तपासून घ्या सगळे... बोल, हवं ते बोल मला. पण तपासून घे."

एकोणीस वेळा! मध्ये कोणीतरी फोन आपटला, तर त्यांनी तो पुन्हा लावला. दाराबाहेर उभ्या रजनीला वाटलं, आपण कागदावर एक ओळ लिहिली आणि स्वतःला धीराचं समजत होतो. धीर तर हा होता! दुसऱ्या दिवशी तपासणीच्या तंबूसमोर मराठी बायकांची सहा-सहा फुटांवर रांग लागली होती. एकोणीस घरांतून अकरा माणसं सापडली, बहुतेक वेळेवर. मालतीबाई सोळाव्या दिवशी घरी आल्या.

विलासराव आले नाहीत.

ही बातमी आली तेव्हा मनोरमाबाईंचं विलगीकरण संपलं होतं. दारावरची नोटीस निघाली होती, पण त्या खोलीबाहेर येईनात. रजनी आत गेली. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पंधरा दिवसांत पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या.

"माझ्यामुळे का गं, रजनी?"

श्रीकांत दारातून घाईने म्हणाला, "नाही, नाही, आई! मुळीच नाही."

"तू थांब. मी हिला विचारतेय."

रजनी त्यांच्या पायाशी बसली. काय सांगायचं? विलासराव त्याच आठवड्यात कारखान्यात पाळीवर जात होते. त्यांच्या वर्कशॉपमधले तिघे आधीच आजारी होते. डाळ घेऊन आलेली बाई अर्धा तास त्यांच्या समोर बसली होती, हेही खरं होतं.

"ठरवता येत नाही, आई," ती म्हणाली. "तुमच्यामुळे असेल. पाळीवर झाला असेल. या दोन्हींतलं कुठलं, ते आता कधीच कोणाला कळणार नाही."

"माझं मन राखायला तर बोलत नाहीस?"

"मन राखणारी असते, तर आपलं घर त्या कागदावर लिहिलं असतं का मी?"

मनोरमाबाईंचा हात पुढे आला, रजनीच्या डोक्यावर टेकला, आणि इतके दिवस अडवून धरलेले अश्रू दोघींच्याही डोळ्यांतून एकदमच वाहू लागले...

"तू एकटीच आहेस या घरात जिचं मला खरं वाटतं," त्या हुंदका गिळत म्हणाल्या. "शारदेकडे जायचंय मला. येशील बरोबर?"

"येईन."

"तिने दारच उघडलं नाही तर?"

रजनीने त्यांच्या चपला पलंगापाशी आणून ठेवल्या आणि उठायला हात दिला.

"तर जिन्यात उभ्या राहू, आई. दोघी."