मेंढीबाजारातलं मतदान केंद्र

लिलाव चालू असताना शिंकायचं नसतं, हे मला कौन्सिलच्या ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं.

मी गोल कठड्याला टेकून उभी होते. हातात मोजायची टेप, काखेत फाईल, अंगात पिवळा रेनकोट. कठड्याच्या आत भिजलेल्या मेंढ्या गरागरा फिरत होत्या आणि वर लाकडी माचावर उभा असलेला माणूस बोली पुकारत होता. ओल्या लोकरीचा वास थेट नाकात गेला — आणि मी शिंकले. मान हलली, हात वर गेला.

पुकारणारा थांबला.

"पिवळ्या रेनकोटवाल्या बाई, मेंढ्या घेताय की सर्दी झालीय?"

सगळा बाजार हसला.

"सर्दी," मी म्हणाले.

"अरेरे. बारा मेंढ्या तुमच्या नावावर चढवतच होतो. तुमच्याकडे बघून वाटलं, सांभाळाल नीट."

मग पुन्हा पुकारा सुरू झाला. पण पुकारता पुकारता त्याची नजर अधूनमधून माझ्यावरून जात होती… लिलाव करणाऱ्याचं कामच ते, चहूकडे बघायचं. मी स्वतःची तशी समजूत घातली. चाळिशी जवळ आली की बाई समजूत घालण्यात तरबेज होते. माझं एकदा लग्न होऊन, मोडून, त्या जागी गवतसुद्धा उगवलं होतं.

मी मेरियल स्पेडिंग. जिल्हा कौन्सिलच्या निवडणूक खात्यात काम करते. दर काही वर्षांनी आमच्या कौन्सिलला आपली सगळी मतदान केंद्रं नव्याने तपासावी लागतात. कोणत्या घराने कुठे मत द्यायचं, किती लांब जायचं, दार पुरेसं रुंद आहे का, चाकाच्या खुर्चीतलं माणूस आत जाऊ शकतं का. जागा बघायची, लोकांना विचारायचं, अहवाल लिहायचा. मग कमिटी बसते आणि ठरवते.

थॉर्नबेकच्या खोऱ्याचं मतदान मेंढीबाजाराच्या चहाघरात व्हायचं. आमच्याकडे निवडणूक गुरुवारी आणि थॉर्नबेकचा बाजारही गुरुवारी. त्यामुळे मेंढ्या विकायच्या, चहा प्यायचा, मतपत्रिकेवर फुली मारायची आणि घरी जायचं… यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच तक्रार आली होती. हॅना बर्केट नावाच्या बाईंची.

लिलाव संपल्यावर माचावरचा तो माणूस चहाघरात आला. जॉस टॅलेंटायर. उंच, कपाळावर ओले केस, आवाज पार बसलेला. मी गुडघ्यांवर बसून दाराबाहेरच्या उताराला टेप लावत होते.

"काय निघालं, मॅडम?"

"फार उभा आहे हा."

"मेंढ्या चढतात की."

"मेंढ्यांना मत नसतं, मिस्टर टॅलेंटायर."

"असतं. फक्त कौन्सिल त्यांना विचारत नाही." त्याने चहाचा मग माझ्यापुढे धरला. "घ्या. सर्दीला बरा. ती तक्रार आमच्या आत्याची ना?"

"तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही."

"म्हणजे आत्याचीच."

हॅना बर्केटला मी तिच्या घरी भेटले. खोऱ्यात सुईण म्हणून जन्म काढलेली बाई. आता चाकाच्या खुर्चीत, पण जीभ अजून पायांवर उभी. जॉस मला वाट दाखवायला म्हणून आला होता. (वाट सरळ होती. मी काही बोलले नाही.)

"हा माझ्याच हातावर जन्मला," हॅना म्हणाली. "जन्मला तो ओरडतच. पुढे त्याचीच नोकरी धरली."

"आत्या, त्या कामाला आल्यात."

"मग मी काय गाणं म्हणतेय?" ती माझ्याकडे वळली आणि आवाज उतरला. "हे बघ पोरी. गेल्या निवडणुकीला मी बाजारात गेले. उतारावर गाड्या लागलेल्या, वर जाता येईना. शेवटी केंद्राध्यक्ष मतपत्रिका घेऊन बाहेर आले. भर पावसात, मांडीवर कागद ठेवून मी फुली मारली. एकीकडे मेंढ्या, दुसरीकडे बाप्ये. त्यातला एक म्हणतो, हॅना, पेन्सिल नीट धर. सगळ्यांनी बघितलं मी कुणाला दिलं ते. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं मी, आणि ह्यांनी फुकटात बघितलं."

"पोस्टाने मत देता येतं, आत्या."

"पोस्टाने? मी काय परगावी गेलेय? मला आत जाऊन द्यायचंय. चार लोकांसारखं, पडद्याआड."

जॉस खिडकीबाहेर बघत राहिला.

खालच्या वस्तीत चॅपल होतं, लहानसं प्रार्थनाघर. सपाट फरशी, रुंद दार, आत ऊब. मला ते बघताक्षणी पटलं. पण वरच्या वाड्यांवरचे शेतकरी तिथे उतरतील का, हे विचारायला हवं होतं. नियमाप्रमाणे जाहीर नोटीस लावली की विचारणं झालं. मी मात्र घरोघरी जायचं ठरवलं… आणि जॉसने जीप काढली. एका फेरीचं काम आम्ही किती आठवडे पुरवलं, ते ऑफिसात मी कधी सांगितलं नाही.

त्या खोऱ्यातल्या शेतवाटांवर गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने उतरून फाटकं उघडायची असतात. पहिल्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. जीप थांबली, तो स्वस्थ बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. फाटक लाजाळू आहे. बाईमाणूस गेल्याशिवाय उघडत नाही."

मी चिखलात उतरले. फाटक उघडलं, जीप गेली, फाटक लावलं आणि परत आले तोवर बुटात पाणी.

"तुमच्या खोऱ्यात फाटकं किती आहेत?"

"तुम्ही किती दिवस येणार त्यावर आहे."

वाड्या-वाड्यांवर एकच उत्तर मिळत होतं. म्हातारे शेतकरी दारात उभे राहून म्हणायचे — बाजार तिथे आम्ही. लिलाव सोडून खाली चॅपलला कोण जाणार? एकाने तर विचारलं, "बाई, बँक नेली, पोस्ट नेलं. आता मतपेटी नेऊन ठेवणार कुठे, म्युझियममध्ये?" ते मी नीट लिहून घेतलं. पण लिहिताना डोळ्यांपुढे हॅनाची भिजलेली मांडी होती.

शेवटच्या वाडीवरून परतताना ढग अगदी खाली उतरले. फाटकाशी जीप थांबली. मी उतरले तर पाठोपाठ तोही उतरला. कडी गंजलेली होती, दोघांचे हात एकदमच तिच्यावर पडले. कुणीच मागे घेतला नाही. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते… इतक्या जवळून मी बऱ्याच वर्षांत कुणाच्या पापण्या बघितल्या नव्हत्या.

"मेरियल," तो म्हणाला. मॅडम गळून पडलं होतं. "काय लिहिणार आहेस तू?"

थोडा वेळ खोटं बोलता आलं असतं. अजून ठरलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"चॅपल," मी म्हणाले.

त्याचा हात कडीवरून निघाला.

"बाजार कसाबसा तग धरून आहे. मतदान गेलं की लोक म्हणतील, आता याचीही वेळ आली."

"मला कळतं ते."

"कळतं, आणि तरी?"

"तुझ्या आत्याने पावसात मत दिलं, जॉस. तू कुठे होतास तेव्हा?"

परतीच्या वाटेवर फाटकं त्यानेच उघडली, त्यानेच लावली. त्याच्याकडून त्यानंतर ना निरोप, ना चहा. थॉर्नबेकला जायचं मला काही कारणही उरलं नव्हतं. अहवाल लिहून झाला होता.

कमिटीची बैठक कौन्सिलच्या मोठ्या दालनात होती. मी अधिकाऱ्यांच्या टेबलाशी, अध्यक्षबाई मिसेस ओल्डरॉइड मधोमध, समोर लोकांची बाकं. थॉर्नबेकचे शेतकरी ओळीने बसले होते, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेले. शेवटी खुर्चीत हॅना. आणि बोलणाऱ्यांच्या यादीत जॉस. तो माझ्याकडे बघत नव्हता. चहूकडे बघणं ज्याचा धंदा, तो माणूस नेमका एकीकडे बघत नव्हता.

प्रत्येक बैठकीत कामाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायची आमच्याकडे रीत आहे. आजच्या कुठल्या विषयात कुणाचा स्वतःचा काही संबंध गुंतलाय का? गुंतला असेल तर सांगायचं, त्याची नोंद होते, आणि त्या विषयापुरतं माणसाने बाहेर जायचं. बहुतेक वेळा कुणी बोलत नाही. घसा खाकरावा तसा तो प्रश्न येतो आणि जातो.

मिसेस ओल्डरॉइडनी विचारला. मी फाईलवर हात ठेवून बसून राहिले.

गप्प बसणं सोयीचं होतं. अहवाल तर बाजाराच्या विरोधात. मी पक्षपात केला असं कोण म्हणणार? आणि मी बाहेर गेले, तर अहवाल माझे साहेब मिस्टर ग्रीव्ह वाचणार. त्यांच्या वाचनाने कमिटीला हमखास झोप लागते. पण खोऱ्यातल्या प्रत्येक फाटकाने आम्हाला जीपमध्ये बघितलं होतं. उद्या कुणी म्हटलं की बाईचं त्याच्याशी बिनसलं म्हणून तिने सूड घेतला, तर हॅनाचं दार कायमचं बंद झालं असतं. आणि दुसरं असं… गप्प बसणं म्हणजे काही नव्हतंच असं म्हणणं. तो समोर बसलेला असताना तेवढं मला जमेना.

मी उभी राहिले.

"थॉर्नबेकच्या विषयात, अध्यक्षबाई. मेंढीबाजाराच्या मिस्टर टॅलेंटायर यांच्याशी माझा संबंध आहे."

"व्यवहाराचा?"

"नाही."

"नात्याचा?"

"नाही."

"मग कसला? नोंद करावी लागते, मिस स्पेडिंग."

बाकांवरचे शेतकरी ऐकायला पुढे वाकले.

"मला ते आवडतात," मी म्हणाले.

मिसेस ओल्डरॉइडनी चष्मा काढला. "त्यांना याची कल्पना आहे?"

"आत्ता आली असेल."

थॉर्नबेकचा विषय निघाला तशी मी बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये जुन्या महापौरांच्या तसबिरींखाली, गरम पाण्याच्या नळ्यांना पाठ लावून उभी राहिले. गाल त्या नळ्यांपेक्षा जास्त तापले होते. आतलं काही ऐकू येईना. काचेवर पाऊस लागत होता. नोकरी जाणार नाही, पण ऑफिसात हा किस्सा मी निवृत्त होईपर्यंत पुरेल, असा हिशेब मी करत होते… तेवढ्यात दार उघडलं.

जॉस. टाय सैल करत आला आणि समोर उभा राहिला.

"बोललास?" मी विचारलं.

"बोललो."

"काय?"

"चॅपल बरोबर आहे म्हणालो."

तो भिंतीकडे बघत बोलत राहिला.

"गेल्या गुरुवारी भर बाजारात मी आत्याच्या खुर्चीत बसून तो उतार चढायला गेलो. म्हटलं, बघू तरी किती अवघड आहे. अर्ध्यावरून मागे घरंगळलो, ते थेट मेंढ्यांत. सगळे हसत उभे. कुणी पुढे येईना…" तो थांबला. "तू विचारलंस ना, मी कुठे होतो. तिथेच होतो. असाच उभा होतो."

"आणि शेतकरी? ते नाही उतरायचे खाली."

"मतदानाच्या दिवशी दुपारी लिलाव थांबवणार. बाजारातल्या सगळ्या जीपा भरून चॅपलला. चहाघरही त्या दिवशी तिकडेच मांडायचं. एकजण उठून म्हणाला, लिलाव मध्येच थांबवणं अपशकुन असतो. आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. बसला खाली."

"कमिटी?"

"ग्रीव्हसाहेब अजून वाचताहेत. दोघं झोपलेत. पण होईल." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी शेवटी आणखी एक सांगितलं. म्हटलं, मघाची नोंद अर्धवट आहे. एकाच बाजूचं लिहिलंय."

"मग?"

"अध्यक्षबाई म्हणाल्या, दुसऱ्या बाजूने ते बाहेर जाऊन तोंडी कळवावं. कमिटीचा वेळ घेऊ नये."

"मग कळव की."

त्याने टाय आणखी सैल केला. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "मी नीट सांभाळीन, असं म्हणत नाही… पण शिकेन."

महापौरांच्या देखत मी त्याच्या सैल टायची गाठ हातात धरली, आणि पुढचं कुठल्याही नोंदीत नाही.

मे महिन्यातल्या मतदानाच्या गुरुवारी लिलाव थांबला. खरोखरच थांबला. चिखलाने माखलेल्या जीपांची ओळ चॅपलपाशी येऊन लागली. म्हातारे पुटपुटत, टोप्या झटकत उतरले आणि आधी चहाकडे वळले. मी कौन्सिलचा बिल्ला लावून दारात होते, जॉस बाजूला. हॅना सगळ्यांच्या आधी आत गेली होती, स्वतःच चाकं ढकलत. कुणाला हात लावू दिला नाही.

पडद्याआड तिने बराच वेळ लावला. बाहेर बारीक पाऊस, रांग वाढत चाललेली. कुणीतरी म्हणालं, एका फुलीला इतका वेळ? जॉसने त्याच्याकडे वळून बघितलं आणि तो गप्प झाला.

ती आली. मांडी कोरडी, केस जागच्या जागी.

"कुणाला दिलंस गं, आत्या?" जॉसने विचारलं.

"तुला काय करायचंय?" हॅना म्हणाली.

असं सुख कुणाच्या चेहऱ्यावर मी क्वचितच पाहिलंय. ती चहाच्या टेबलाकडे निघून गेली. रेनकोटाच्या बाहीआड जॉसच्या बोटांनी माझा हात शोधला. मी ड्यूटीवर होते, बिल्ला छातीवर होता… तरी मी तो सोडवून घेतला नाही.