खोलीत माणसं दोन

आई गेल्यापासून बाबांनी थापा मारणं बंद केलं होतं.

ही काय तक्रार झाली, असं कोणीही म्हणेल. पण बाबांना ओळखणारा माणूस तसं म्हणाला नसता. बाबा जन्मभर डोंगरातल्या रस्त्यावर बस चालवत होते आणि डेपोत त्यांचं नाव लोणकढे पडलं होतं. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते बाबांनाही आठवून सांगावं लागे. घाटात ब्रेक गेले तेव्हा त्यांनी गाडीला नुसतं दटावून थांबवलं होतं. एकदा धुकं इतकं दाट पडलं की वायपरनं त्याचे तुकडे पडले आणि प्रवाशांनी ते पिशव्यांत भरून घरी नेले. एका म्हाताऱ्याच्या कोंबड्यानं तर अर्ध्या तिकिटावर बसून स्वतःच गाडी चालवत... अशा कितीतरी.

बाबा बाहेरच्या खोलीत बसून सांगत आणि आई स्वयंपाकघरात असे. थाप झाली की ती हातातला लाकडी डाव दाराच्या चौकटीवर दोनदा मारायची. टक् टक्. बोलायची काही नाही. बाबांनाही त्याची सवय झालेली. थाप मारली की ते क्षणभर थांबत, टकटक आली की गवई समेवर आल्यासारखी मान हलवत आणि पुढे सरकत. मुलगा लहान असताना त्याला वाटायचं, सगळ्यांच्या घरी गोष्ट अशीच सांगतात.

आता मुलगा चाळिशीला आला होता आणि बाबा सांगत होते, "दूध आलं. पेपर आला. नळाला पाणी कमी आहे."

"बाबा, तो कोंबड्याचा किस्सा सांगा ना."

"कशाला? टोकायला कोणी नाही. मग खरं काय आणि खोटं काय, दोन्ही सारखंच अळणी."

दर आठवड्याला त्यांची वाक्यं थोडी कमी होत होती. मुलगा सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करायचं काम करी, त्यामुळे हे त्याला इतरांआधी कळलं. दिवा मालवण्याआधी वात जशी हळूहळू खाली घेतात, तसं चाललं होतं. बाबा एक दिवस पूर्ण गप्प होतील आणि मग उठणार नाहीत, याची त्याला धास्ती होती.

तेवढ्यात ते काम आलं. थापाड्या बाप आणि त्याचा मुलगा यांच्यावरचा अद्भुत सिनेमा होता. उडत्या बोटी, बोलणारे डोंगर, सगळं होतं. फक्त गोष्ट सांगणाऱ्या बापाचा आवाज जमत नव्हता. दोन नामवंत नट येऊन गेले आणि दिग्दर्शिकेनं दोघांनाही नाकारलं.

"मला रियाज केलेला आवाज नको," ती म्हणाली. "ज्याला थापा मारायची सवय आहे, असा आवाज दे. काय रे कानसेन, आहे का ओळखीत कोणी?"

ती त्याला कानसेनच म्हणायची. आणि तो मागून आला की दचकायची. "पावलं वाजव रे जरा. मांजराच्या जन्माचा आहेस की काय!"

"ओळखीत कशाला," तो म्हणाला. "घरातच आहे."

बाबांना तयार करायला जिवाचं रान करावं लागलं. शेवटी, "तुझं काम अडलंय म्हणतोस तर येतो," असं म्हणून ते आले.

रेकॉर्डिंगची खोली लहान होती. चारही भिंतींना आणि छताला काळा स्पंज, खाली जाड गालिचा, लोखंडी नळीच्या दोन खुर्च्या, दाराला रबराची कड. खोलीत लाकूड नावाला नव्हतं. लाकूड वाजतं, म्हणून त्यानं स्वतःच ते काढून टाकलेलं होतं. खरं म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्यानं काचेच्या पलीकडे बसायचं असतं. पण बाबा म्हणाले, "मी काचेशी काय बोलू?" म्हणून तो मशीन घेऊन त्यांच्या समोर बसला आणि काचेपलीकडे दिग्दर्शिका बसली.

त्याच्या गुरूनं त्याला एक रीत शिकवली होती. कुठल्याही रेकॉर्डिंगच्या आधी त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आणि सुरुवातीला माणसं किती ते मोठ्यानं सांगायचं. प्रत्येक शरीर थोडा आवाज पितं. एका माणसाची शांतता आणि दोन माणसांची शांतता एक नसते, आणि पुढे तुकडे जोडताना चुकीची शांतता लागली तर प्रेक्षकाला कारण न कळता अस्वस्थ वाटतं. रिकाम्या खोलीची तर आणखी वेगळी. इतक्या वर्षांत त्याचा कान असा तयार झाला होता की शांतता ऐकून तो माणसं सांगू शके.

"खोलीची शांतता," तो माइकमध्ये म्हणाला. "खोलीत माणसं दोन."

हेडफोनमध्ये काहीतरी वाजलं. आपलीच खुर्ची असेल, असं त्याला वाटलं.

मग बाबांनी सुरुवात केली. आवाज आधी गंजल्यासारखा निघाला. ब्रेकची गोष्ट. "...मी तिला म्हटलं, बये, पुढे दरी आहे, लाज वाटू दे. आणि गाडी जागच्या जागी थांबली."

बाबा सवयीनं क्षणभर थांबले.

टक् टक्.

दिग्दर्शिकेचा आवाज आला, "काका, झकास! ती मधली जागा सोडता ना, ती तशीच ठेवा. कानसेन, पण ती टकटक कसली?"

त्यानं एसी बंद केला. बाबांची काठी बाहेर ठेवली. घड्याळ, चष्म्याची डबी, किल्ल्या, सगळं बाहेर. माइक बदलला, वायर बदलली. तारेतल्या आवाजाची जात वेगळी असते, हे त्याला माहीत होतं. हा आवाज तारेतला नव्हता. लाकडावर लाकूड होतं. मागे मोकळी जागा, म्हणजे भिंत नव्हे, चौकट.

बाबांनी धुक्याची गोष्ट सांगितली. वायपर. टक् टक्. पिशव्या. टक् टक्. पण "त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा पोचली" यावर काही नाही. ते खरंच होतं.

संध्याकाळी दिग्दर्शिका खूश होऊन गेली. "टकटक तू काढशीलच," म्हणाली. तो काढणार होता. पण आधी त्यानं बाबांच्या कानाला हेडफोन लावून ते ऐकवलं. बाबांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरले. मग अगदी हळू म्हणाले, "आपल्या घरची चौकट आहे."

"बाबा, काहीतरी तांत्रिक असेल."

"असेल की. मी कुठं नाही म्हणतो?" आणि हेडफोन काढताना विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याच्या आधी तयार होऊन बसू लागले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. वाटेत रिक्षावाल्यालाही एक थाप ऐकवली. हेडफोन मात्र त्यांनी पुन्हा लावले नाहीत. "मी थांबतो, ती ठोकते. मला तेवढं पुरे." बाबांची वात पुन्हा वर आली होती आणि खरं तर मुलानं तिथंच समाधान मानायला हवं होतं.

पण त्याला कुतूहल स्वस्थ बसू देईना. हातात असं यंत्र आलं की जे खरंखोटं वेगळं करून देतं, मग माणूस विचारल्याशिवाय कसा राहील? सिनेमाच्या गोष्टी संपल्या त्या दुपारी दिग्दर्शिका दुसरीकडे गेली होती. खोलीत दोघंच होते.

"बाबा, तो थांब्याचा किस्सा सांगा. आई भेटली तो."

ही गोष्ट बाबा क्वचित सांगत. ती सुरू झाली की स्वयंपाकघर गप्प असायचं, हे त्याला आठवत होतं. आईला ती ऐकायला आवडत असेल, असं तो समजून चालला होता.

"सकाळ होती," बाबा म्हणाले. "धुकं असं की मला माझं बॉनेट दिसेना. आणि एकदम थांबा आला. त्या रस्त्यावर तिथं थांबा नव्हता. पाटी होती, पण पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. खाली ही उभी. मी दार उघडलं. ती चढली. कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, तुम्ही न्याल तिथं. नंतर मी कितीदा तो थांबा शोधला. तिथं उभं राहायला जमीनच नाही रे, सरळ दरी आहे."

बाबा थांबले नाहीत. आणि टकटक आली नाही.

मुलानं आवाज वाढवून पाहिला. काही नाही. आईच्या माहेरचं कोणी कधी घरी आलं नव्हतं, हे त्याला आठवलं. धुकं पडलं की आई त्याला शाळेत पाठवत नसे, हेही आठवलं. सर्दी होईल, म्हणायची.

"तिच्याबरोबर सामान होतं?"

"एक गाठोडं. मांडीवर घेऊन बसली होती."

"काय होतं त्यात?"

"कपडे. दुसरं काय असणार?" बाबा क्षणभर थांबले.

टक् टक्.

"कपडे नव्हते, बाबा."

बाबा हसले. "बरं बाबा, धुकं होतं. झालं समाधान?"

त्यानं श्वास रोखून वाट पाहिली. हेडफोनमध्ये शांतता होती.

"ठोकलं का तिनं?" बाबांनी विचारलं.

"ठोकलं," तो म्हणाला.

टक् टक्. या वेळी ते त्याच्यासाठी होतं.

त्यानं माइक सरळ केला. "मग पुढं?"

"पुढं काय? लग्न केलं. वर्षभरानं तू झालास. सरकारी दवाखान्यात, सकाळच्या वेळी. चांगला गुटगुटीत होतास."

आणि बाबा थांबले.

टक् टक्.

ही गोष्ट तो दर वाढदिवसाला ऐकत आला होता. जन्मताच तू असा भोंगा लावलास की बाहेर उभी असलेली बस सुटली, असं बाबा सांगायचे आणि आई चौकटीवर डाव मारायची. सगळे हसायचे. टकटक त्या भोंग्याला आहे, असं त्याला वाटत आलं होतं. आज बाबांनी भोंगा सांगितलाच नव्हता.

"बाबा?"

बाबांनी डोळे मिटले होते. "दमलो रे," ते म्हणाले. "पण बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं."

यावर टकटक झाली नाही. थोड्या वेळानं त्यांना खुर्चीतच डोळा लागला. दम्यामुळे त्यांच्या श्वासाला बारीक शिट्टी होती.

काम संपताना पुन्हा एकदा शांतता घ्यायची, ही गुरूची रीत. त्यानं माइक जवळ ओढला.

"खोलीची शांतता. खोलीत माणसं दोन."

टक् टक्.

पहिल्या दिवशी खुर्ची वाजली नव्हती तर.

मग त्याला उमगलं आणि त्याही अवस्थेत हसू आलं. आई, तुला धरलं नाही का आम्ही? तो हळूच म्हणाला, "खोलीत माणसं तीन."

टक् टक्.

हसू ओठांवरच राहिलं.

आता तिसरं वाक्य उरलं होतं. तो बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहत राहिला.

"खोलीत," तो म्हणाला, "माणूस एक."

काही वाजलं नाही.

त्यानं आवाज शेवटपर्यंत वाढवला. तोंड उघडून मोठा श्वास घेतला, सोडला. छाती वर आली, खाली गेली.

हेडफोनमध्ये फक्त बारीक शिट्टी होती. ती यायची, जायची. आणि दोन शिट्ट्यांच्या मधे जी शांतता होती ती त्यानं लगेच ओळखली. ती एकाच माणसाची होती.