उभ्या गाडीची तहान

कमी फिरलेली जुनी गाडी म्हटली की गिऱ्हाइकाच्या तोंडाला पाणी सुटतं. शालिग्रामच्या कपाळाला मात्र आठ्या पडायच्या. पारोळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो पंधरा वर्षं मेकॅनिक होता, आणि त्याचं ठाम मत होतं की चालून झिजलेली गाडी आपलं दुखणं बोलून दाखवते, बसून राहिलेली गाडी ते लपवते. ब्रेकचे रबर वाळतात, टाकीत गंज धरतो, उंदीर वायरी खातात, टायरला बाजूनं बारीक चिरा पडतात. आणि मालक मात्र कौतुकानं मीटरकडे बोट दाखवतो. एवढं सगळं माहीत असूनही त्र्याण्णव सालच्या होळीनंतर त्यानं अशीच एक बसलेली जीप घेतली. सात वर्षांत अकरा हजार किलोमीटर चाललेली, डिझेलची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली.

कारण होतं ताईबाई. ताईबाई म्हणजे कुणी म्हातारी नव्हे, त्याची तीन महिन्यांची मुलगी. आजीचं नाव ठेवलं होतं आणि नावाला शोभेल असा रागीट चेहराही तिनं आणला होता. येताना दोन्ही पावलं मात्र आत वळलेली आणली होती. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दर बुधवारी प्लास्टर बदलायचं. सहा-सात महिने. एकही बुधवार चुकवू नका, पाय परत वळतो. मग चिरफाडीशिवाय इलाज नाही." चार बुधवार नीट गेले. पाचव्या बुधवारी एसटीच्या गर्दीत कुणाचा तरी पत्र्याचा डबा बाळाच्या पायावर आदळला. प्लास्टर तडकलं आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली. त्याची बायको कुंदा धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत तडकलेलं प्लास्टर दोन्ही हातांनी धरून बसली. दुसऱ्या दिवशी शालिग्राम गाडी शोधायला निघाला.

जीप होती जवळच्याच एका खेड्यातल्या लोटन आबांची. पाहायला गेला तेव्हा ती गोठ्यात उभी होती. गोठ्यात गुरं नव्हती, गव्हाण मात्र झाडून स्वच्छ ठेवलेली. आणि जीपच्या बंपरला दावं बांधून ते खुंट्याला अडकवलेलं. शालिग्रामला हसू आलं. हँडब्रेक धरत नसेल, असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि खाली वाकून पाहिलं तर हँडब्रेक खरंच धरत नव्हता.

"बठ्ठी धडधाकट शे, भाऊ," आबा म्हणाले. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. "फक्त दोन गोष्टी ध्यानमा ठेवा. उभी ऱ्हायनी का तिले तहान लागस. पहिले तिले पानी दखाडा, मंग तुम्ही प्या. आनि पोयाले तिले जुपू नका."

तहान काय, पोळ्याला जुंपू नका काय! म्हाताऱ्याचा बैलांवर जीव असावा, जोडी गेल्यावर गाडी घेतली तरी सवय जात नसावी. शालिग्रामनं मान डोलावली. निघताना आबांनी दावं सोडून त्याच्या हातात दिलं. नाही म्हणवलं नाही.

त्यानं जीप घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आणि चार रविवार तिच्याखाली घातले. चारही चाकांचे ब्रेक रबर बदलले, जुनं काळं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, टाकी उतरवून धुतली, कडक झालेले होज पाइप आणि फॅन बेल्ट फेकले, टायर नवे चढवले. त्याला गाडी थाटासाठी नको होती. तिनं बुधवारी धुळ्याला जायचं आणि परत यायचं, बस. आणि ती गेली. उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला, एक बुधवार चुकला नाही. दर खेपेला घरी आल्यावर शालिग्राम आजूबाजूला कुणी नाही असं पाहून बॉनेटवर थाप मारायचा. मोठा उपकार होता तो, आणि उपकार मानायला त्याला लाज वाटत नव्हती. फक्त कुणी बघू नये एवढंच.

पाण्याची गोष्ट त्याच्या ध्यानात आली वैशाखात. धुळ्याहून परत आल्यावर रेडिएटर भरलेला असायचा. नुसती दोन दिवस उभी राहिली की दोन तांबे पाणी कमी. चालताना कमी झालं असतं तर समजण्यासारखं होतं. त्यानं खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली, थेंब नाही. ऑइल तपासलं; त्यात पाणी नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. झाकण नवं टाकलं. तरी दोन तांबे.

"आबा म्हनेत ना, पहिले पानी दखाडा," कुंदा म्हणाली, आणि चेष्टेत तिनं पाण्याची बादली बंपरसमोर नेऊन ठेवली.

संध्याकाळी बादली रिकामी होती. रेडिएटर उघडला, तर काठोकाठ.

"मी दुपारलेच भरेल व्हती," कुंदा म्हणाली.

"कावळा पी ग्या व्हई."

"बठ्ठी बादली?"

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडचं दार लावून घेतलं आणि फटीत चिंध्या कोंबल्या. बादली रिकामीच निघाली. त्यानंतर रोज बादली भरून ठेवायची रीत पडली आणि रेडिएटर पुन्हा कधी उतरला नाही. इंजिन इतकं गोड चालायला लागलं की जिनिंगमधले लोक विचारायचे, कोणतं ऑइल टाकतो रे. तो काहीतरी नाव सांगून मोकळा व्हायचा.

भाद्रपद तोंडावर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झकास! दोन-तीन प्लास्टर राहिली. आता मात्र चुकवू नका, घडी बसायची हीच वेळ आहे." पुढचा बुधवार कोणता, हे कुंदानं घरी येऊन कॅलेंडरमध्ये पाहिलं आणि ती पाटावर बसलीच. पोळा.

"एसटीथीन जाऊत," ती म्हणाली.

"पुन्हा पाय फोडाना शे का?" शालिग्राम तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "लोखंड शे ते, कुंदा."

मंगळवारी दुपारी तो जीपखाली पडून स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणाऱ्या रॉडच्या जोडाला ग्रीस भरत होता. जोड उघडला होता, साफ केला होता, नट आवळला होता. नट सैल होऊ नये म्हणून त्यातून एक बारीक पिन ओवून वाकवायची असते, तेवढी राहिली होती. इतक्यात शेडच्या दाराशी लोटन आबा दिसले. हातात वाटी, वाटीत हळद कालवलेलं लोणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लावतात तसं. दोन कोस चिखल तुडवून म्हातारा आला होता.

शालिग्राम बाहेर आला, पाया पडला, चहा पाजला. आबांनी पुढच्या दोन चाकांवरच्या पत्र्याला लोणी चोळलं, अगदी बोटं दाबून दाबून. जाताना उद्याच्या पोळ्याचं विचारलं, "सकाय आराम ना?"

"हो आबा," शालिग्राम खोटं बोलला. आणि त्या खोट्याच्या अस्वस्थतेत तो पुन्हा गाडीखाली गेलाच नाही.

बुधवारी नऊला ते निघाले. पाऊस उघडला होता. गावोगावी बैल धुतलेले, शिंगांना रंग, पाठीवर झुली. जीप नेहमीसारखीच सुरू झाली, नेहमीसारखीच चालली. कुंदा पदराखाली बाळ घेऊन बसली होती. तिचं लक्ष रस्त्यावरच्या बैलांकडे होतं. एकही बैल आज जुंपलेला नव्हता.

मुकटीच्या पुलावर स्टिअरिंग एकदम हलकं झालं. एका बोटानं फिरावं इतकं. ग्रीसनं काम केलं, शालिग्रामनं स्वतःलाच शाबासकी दिली. पुढे दोन वळणं होती. समोरून ट्रक आला, जीप बेतानं बाजूला झाली. फागण्यात बैलांची मिरवणूक आडवी आली. जीपनं वेग कमी केला, कडेनं वळसा घेतला, एकाही बैलाला धक्का लागला नाही. बैलांनीही माना वळवून पाहिलं आणि वाट दिली.

धुळ्यात दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी लागली. कुंदा बाळाला घेऊन आत गेली.

चाकं सरळ करावीत म्हणून शालिग्रामनं स्टिअरिंग फिरवलं.

ते फिरलं. आणखी फिरलं. चाकं जागची हलली नाहीत.

तो उतरला आणि खाली वाकला. रॉडचं एक टोक सुटून जमिनीवर लोंबत होतं. नट नव्हता. टोक डांबरावर घासून तिरपं झालं होतं, आरशासारखं लख्ख. असं घासायला कितीतरी किलोमीटर लागतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. पिन तिथं होती.

तो तिथंच चिखलात बसला. मुकटीपासून धुळ्यापर्यंत दोन वळणं, एक ट्रक, एक मिरवणूक. हातात नुसतं स्टिअरिंग होतं त्याच्या, एवढंच.

तासाभरानं कुंदा बाहेर आली. ती रडत होती आणि हसतही होती. पावलं सरळ आली होती. आणखी एक प्लास्टर, मग बूट; वर्षभरात पोर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. शालिग्रामनं बाळाच्या कपाळाला कपाळ लावलं. नवा रॉड मिळवून त्यानं स्वतः बसवला, पिन ओवली, दोनदा तपासली. कुंदाला काही सांगितलं नाही. परतताना त्यानं गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली.

घरी येताच पहिल्यांदा बादली भरून ठेवली. स्वतः पाणी प्यायला नाही.

गुरुवारी सकाळी बादली भरलेलीच होती. संध्याकाळीही.

शुक्रवारी त्यानं पाणी बदललं, ताजं आणलं, थोडा गूळ टाकला. पृष्ठभागावर नुसती धूळ साचत गेली.

शनिवारी तो कामावर गेला नाही. शेडमध्ये बसून राहिला. इंजिन बुधवारपासून बंद होतं. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा गरम होता, तापलेल्या पोराच्या अंगासारखा. शेडमध्ये ऊन येत नव्हतं.

"चुकनं मनं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एका गाडीशी मोठ्यानं बोलत होता. "पोरना पाय व्हतात ना माय. मी काय करू?"

आतून कुंदाचा आवाज येत होता. ती ताईबाईला झोके देत होती.

एक माशी आली. शेडभर फिरली आणि बॉनेटवर, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर बसली.

तेवढ्याच जागेचा पत्रा थरथरला. माशी उडाली.

शालिग्रामनं खांद्यावरचा पंचा काढला, आणि माशी पुन्हा बसू नये म्हणून हलके हलके वारा घालू लागला.