सुकन्यानं निवडलेला सायलेन्सर

शेडच्या कोपऱ्यात कोंबड्यांचा ढीग झाला होता. एकीवर एक, तिच्यावर आणखी एक... सुकन्या दोन्ही हातांनी तो ढीग उपसत होती. आत्ताच रस्त्यावरून एक मोटरसायकल तोफ डागल्यासारखी गेली, आणि घाबरलेल्या कोंबड्या भिंतीकडे धावल्या. खालच्या गुदमरून मेल्या.

एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून तिनं स्कूटी काढली. शेवगावच्या अलीकडं, चहाच्या टपरीसमोर ती गाडी दिसली. दांडगी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. शेजारी एक उंच तरुण चहा फुंकत उभा.

"ही तुमची?"

"हो. आवडली?"

सुकन्यानं पिशवीतली कोंबडी काढून त्याच्या सीटवर ठेवली. "ही माझी."

टपरीवरचे सगळे वळून बघू लागले.

"फटाके फोडत हिंडायचं असंल तर मोकळ्या माळावर हिंडा! मी न् माझ्या आईनं जिवापाड वाढवलेल्या कोंबड्या हायेत त्या."

त्याचा चेहरा उतरला. "मला... खरंच माहीत नव्हतं."

"रस्त्याकडंला शेड दिसत न्हाई?"

त्याचं नाव कल्याण. साखर कारखान्यात केमिस्ट. त्यानं वाद घातला नाही. गाडी चालू न करता, ढकलत, तो तिच्या मागोमाग शेडवर आला. उन्हात खड्डा खणला, मेलेल्या कोंबड्या पुरल्या. सुकन्या धुमसतच होती. पण घामानं भिजलेल्या त्याच्या पाठीकडं आपली नजर पुन्हा पुन्हा जातेय हे लक्षात आलं, आणि ती स्वतःवरच चिडली.

जाताना तो म्हणाला, "सायलेन्सर बदलतो. पण कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. ऐकायचा तुम्हालाच आहे."

"मला दुसरी कामं न्हाईत?"

...तरी रविवारी ती एसटीनं नगरला गेली.

सावेडीतल्या दुकानात दुकानदारानं पहिला सायलेन्सर बसवला. आखूड, चकचकीत. गाडी चालू होताच सुकन्या ओरडली, "बंद करा!"

दुसरा. "याचा आवाज कसा भारदस्त आहे, मॅडम."

"भारदस्त? ह्याचा तर घसा बसलाय."

कल्याण खाली बघत हसला.

"हसू नका."

"नाही हसत."

"डोळे हसतायत."

"तुमचं लक्ष आवाजाकडं आहे की डोळ्यांकडं?"

तिचे कान तापले. "पुढचा लावा हो!" ती दुकानदारावर खेकसली.

तिसऱ्याला आवाज कमी करणारी जाळी होती. "हवी तेव्हा काढता येते," दुकानदार म्हणाला.

"मग नको. हे माझ्यासमोर बसवतील, गावाबाहेर काढतील."

शेवटी एक लांबोडका, राखाडी सायलेन्सर निघाला. गाडी नुसती गुणगुणली. सुकन्यानं मागं तळहात धरला – ऊबदार, संथ फुंकर.

"हा."

"मित्र खूप चिडवतील," कल्याण म्हणाला.

"चिडवू द्या."

"बसवा," त्यानं दुकानदाराला सांगितलं. नजर मात्र तिच्यावर.

परतताना ती त्याच्या मागं बसली. गाडी इतकी हळू बोलत होती, की त्याचं हलकं बोलणंही तिला ऐकू येत होतं. कारखान्यातलं उसाचं गाळप संपलं, महिनाभराची रजा मिळाली, असं तो सांगत होता. "परवा लडाखला निघतोय."

तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

शेडजवळून गाडी गेली. आत एकही कोंबडी हलली नाही. सुकन्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

उतरताच ती कडाडली, "जायचंच होतं तर मला कशाला नेलं?"

"सायलेन्सर..."

"कमी आवाजाचा द्या म्हणला असता, तरी दिला असता त्यानं!"

"दिला असता." त्यानं हेल्मेट काढलं. "मला तुमच्याबरोबर एक रविवार हवा होता. आता बाकीचे सगळे कसे मागायचे... ते सुचत नाहीये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानंच. "आन् हे आज सांगता? परवा निघायचं न् आज?"

"चुकलं."

"रोज फोन करायचा. रेंज नसंल तिथं मुक्काम करायचा न्हाई."

"बरं."

"आल्यावर आईला भेटायचं. दाढी करून."

तो बघतच राहिला. "म्हणजे... हो?"

"आता किती वरडून सांगू?"